साठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि दोनशे पानी वही

वरसे, ता. रोहा
दसऱ्यानंतरचा बुधवार, १९९१

ती. स्व. दादास,

पद्मजाचा वाकून नमस्कार. (साष्टांग घालायला घरात जागा उरलेली नाही. पुढच्या खोलीत जमिनीवर तारा, पकडी, कथिलाची गुंडाळी आणि अण्णांच्या जुन्या मासिकांचे ढीग आहेत. नमस्कार करताना कपाळ भाजलं तर आशीर्वाद लागू होतो की नाही, कुणास ठाऊक.) भिलाईला आता सकाळी गारवा पडत असेल. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना दिवसातून एकदाच उतर आणि काही विसरलं तर विसरू दे. तुझ्या पित्ताचं काय? या कागदावर जे तपकिरी ठिपके दिसतील ते चहाचे नाहीत, राळेचे आहेत. कथिलाचा डाग देताना राळ उडते. अक्षर वाकडं आलंय ते उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे म्हणून. काळजी करू नकोस, भाजायचं होतं तेवढं भाजून झालं आहे.

अण्णांची तब्येत उत्तम आहे. त्यांचे कान उत्तम आहेत. (हे दुसरं वाक्य त्यांच्या हुकमावरून लिहिलं आहे. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक पत्रात ते असतं. तुला वाटलं असेल, बाईला आता लिहायला विषय सुचत नाहीत.) आज मात्र खरं लिहिते. पाकीट बंद करूनच त्यांच्या हाती देईन. सकाळी पोस्टात जायचं काम त्यांचं आहे, आणि दुसऱ्याचं पत्र उघडणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही, हे आपल्या दोघांनाही लहानपणापासून माहीत आहे. तर दादा, अण्णांना कमी ऐकू येतं. किती कमी, ते मला परवाच्या दसऱ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. ते कसं कळलं ते सांगायचं म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपासून सुरुवात करायला हवी, आणि अ‍ॅम्प्लिफायर सांगायचा म्हणजे फार लांबण लागणार आहे. चहा करून घे.

आधी अण्णांनी दोष दिला बातम्या देणाऱ्यांना. हल्लीचे निवेदक शब्द गिळतात म्हणाले. मग रेडिओचा स्पीकर फाटला, असं ठरलं. तो उघडला, आणि फाटला नव्हता तो उघडताना फाटला. त्यानंतर वरच्या पंख्याचा नंबर लागला आणि शेवटी माझा. मी म्हणे दिवसभर शाळेत ओरडून घरी आले की पुटपुटते. मी पुटपुटत नव्हते रे. मी इतकं मोठ्यानं बोलत होते की आपल्या शेजारच्या बायजाबाई भिंतीपलीकडून उत्तरं देत. ("अण्णा, आज भेंडी करू का?" असं मी विचारावं, अण्णांनी पेपर उलटावा, आणि पलीकडून आवाज यावा, "कर गो, पन चिंच नको घालू.") हसायला येतं, पण खरं सांगू? घरात मी जे बोलते ते बायजाबाईंना ऐकू येतं आणि मला ऐकू येतं, अशी दोन वर्षं गेली. संध्याकाळी शाळेतलं काही सांगावंसं वाटलं तर मी तुळशीला पाणी घालता घालता मनातच सांगत असे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना फसवून पेणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. (जुनी शाळा बघायला जाऊ म्हटलं.) डॉक्टर चांगले होते. अण्णांचं मत पडलं की माणूस हुशार आहे, पण पुटपुटतो. कानामागे लावायचं यंत्र मिळालं. अण्णांनी ते एक दिवस लावलं, दुसऱ्या दिवशी दाढीच्या आरशासमोर उघडलं आणि भिंगातून बघून निकाल दिला: "हा अ‍ॅम्प्लिफायर नाही, शिट्टी आहे. तीस वर्षं मी पोरांना ध्वनी शिकवला. माझ्या कानात असला कचरा घालायचा?" यंत्राचे अवशेष चहाच्या डब्यात आहेत. मग त्यांनी जाहीर केलं की त्यांचा कान धडधाकट आहे, बिघाड आवाजात आहे. या घरात एकही शुद्ध आवाज शिल्लक नाही. एकदा चांगला, दोन्ही बाजूंना साठ-साठ वॅटचा, घरघर नसलेला अ‍ॅम्प्लिफायर बांधला की सगळं पूर्वीसारखं ऐकू येईल. स्पीकरची दोन मोठी खोकी त्यांनी पेणला असतानाच बांधलेली होती. तुझी शाई ज्यावर सांडली होती तीच.

मी हो म्हटलं. का म्हटलं, असं तू विचारशील. मलाही आशा होती, दादा. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला वीज काय कळते? मला वाटलं, ते म्हणतात तसं असेलही.

अण्णांचे हात आता थरथरतात, त्यामुळे ठरलं असं की डोकं त्यांचं आणि हात माझे. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आमचं कामही. रेझिस्टर म्हणजे रंगीत पट्ट्यांचे मणी. पहिला आठवडा मी ते पोतीचे मणी निवडावेत तसे ताटात निवडत होते. अडचण एकच होती. मी विचारलेलं त्यांना कळत नसे, आणि डाग द्यायची गरम सळई हातात धरून माणूस किती वेळ ओरडणार? (बायजाबाईंना ट्रान्झिस्टरचे तीन पाय तोंडपाठ झाले होते.) म्हणून एक शंभर पानी वही केली. मी प्रश्न वहीत लिहायचा, त्यांनी चष्मा सरसावून वाचायचा आणि उत्तर ओरडून द्यायचं. पहिल्या पानावर सगळं कामाचंच आहे: "हा उलटा लागला तर काय होईल?" उत्तर: "फुटेल!" पण अकराव्या पानावर मी सहज लिहिलं, "आईला गाणं आवडायचं का?" अण्णा सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझ्या आईला गाण्यापेक्षा रेडिओ बंद केल्यावरची शांतता जास्त आवडायची!" आणि एकटेच कितीतरी वेळ हसले. मी त्यांना तसं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

सत्ताविसाव्या पानावर त्यांनी उलट मलाच विचारलं. म्हणाले, "तुला कधी विचारायचं राहिलंच. तुला खरंच मास्तरीण व्हायचं होतं, की मी आहे म्हणून झालीस? आणि ते लग्नाचं..."  मी दीड पान लिहिलं. त्रेचाळीस वर्षांचं दीड पानात मावलं, याचं मलाच नवल वाटलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, चष्मा धोतराला पुसला आणि म्हणाले, "हं. आता तो मोठा कपॅसिटर घे. अधिक-उणे बघून."

ट्रान्सफॉर्मर बाजारात मिळतो त्यावर अण्णांचा विश्वास नाही. तो पेणच्या जनूकडून गुंडाळून घ्यायचा ठरला. जनू शेतावरच्या पंपाच्या मोटारी गुंडाळतो आणि अण्णांचा जुना विद्यार्थी आहे (विज्ञानात नापास, पण मोटारी चालतात). त्यानं आकडे बघून डोकं खाजवलं. "मास्तर, ह्याच्यावं पाच एकराला पानी लागंल. गान्याला येवढा करंट कशाला?" अण्णांना ऐकू आलं नाही, ते म्हणाले, "बरोबर, वार्निश दोनदा पाज." जनूनं माझ्याकडे पाहिलं आणि वार्निश दोनदा पाजलं. आठ दिवसांनी तयार झाल्यावर मी एकटीच ती अकरा किलोची वस्तू एसटीनं रोह्याला आणली. खाली ठेवली तर हादरे बसतील म्हणून जुन्या सुती साडीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. नागोठण्याला एक म्हातारी चढली आणि शेजारी बसली. थोड्या वेळानं पदर सारून आत डोकावली.

"लय काला हाय गो," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, "आजोबावर गेलाय."

 गाडीनं खड्डा घेतला तेव्हा तिनं आपला हात खाली आधाराला धरला, आणि वरसेपर्यंत काढला नाही. तेव्हा मला हसू येत होतं. घरी पोचल्यावर येईना.

डबा बनवला पेणच्या काळुराम सुतारानं. त्याला मी सांगितलं, सागवानी हवा, चारी बाजूंनी हवा खेळली पाहिजे, समोर एक लहान दिवा दिसला पाहिजे आणि आत जड वस्तू बसणार आहे. काळुरामचा धंदा देव्हारे आणि गणपतीची मखरं करण्याचा. त्यानं विचारलं, "मूर्ती केवढी?" मला वाटलं, ट्रान्सफॉर्मरला म्हणतोय, मी हातानं माप दाखवलं. आला तो देव्हारा. चारी बाजूंना जाळी, वर कमान, कमानीवर दोन मोर. अण्णांनी मोरांकडे पाहिलं, जाळीतून हात घातला आणि म्हणाले, "हवा मात्र उत्तम खेळेल." मोर राहिले. तेव्हापासून आमच्याकडे येणारं माणूस चपला बाहेर काढून आधी त्याला नमस्कार करतं. बायजाबाईंना खरं माहीत असूनही त्या येता-जाता जास्वंद ठेवतात.

आता बल्बचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नवा अ‍ॅम्प्लिफायर थेट विजेला जोडायचा नसतो. वाटेत शंभरचा बल्ब घालायचा. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर सगळं ठीक. तो भगभगीत पेटून राहिला तर आत कुठेतरी बिघाड आहे आणि लगेच बंद करायचं. आमच्याकडे तो सप्टेंबरात तीनदा भगभगीत पेटला. (चार महिने आमच्या घरातली आनंदाची कल्पना म्हणजे दिवा न लागणं.) एकदा ट्रान्झिस्टरखाली अभ्रकाची चकती घालायची मी विसरले होते, एकदा अण्णा सांगायला विसरले होते, आणि तिसऱ्यांदा कोण विसरलं यावर वहीत दोन पानं भांडण आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बल्ब एकदाचा मंद झाला. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पट्टीच्या बोटांतून कळ गेली ती गोड वाटली.

आणि नवमीला आम्ही पूजा केली. हत्यारांची पूजा अण्णा कधी चुकवत नाहीत. पाटावर पकड, स्क्रू-ड्रायव्हर, सळई, मीटर मांडलं. अ‍ॅम्प्लिफायर तर देव्हाऱ्यातच होता. अण्णांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला आणि पळीनं पाणी शिंपडलं, सढळ हातानं, मोरांच्या वरून. पूजेनंतर हत्यार उचलायचं नसतं, म्हणून रात्रभर तो तसाच राहिला. दसऱ्याला सकाळी बटण दाबलं आणि बल्ब पुन्हा भगभगीत! अण्णा कासावीस झाले. अर्ध्या तासानं मला सापडलं: जाळीतून पडलेली झेंडूची ओली पाकळी, कुंकवासकट, नेमकी दोन तारांच्या मध्ये. चिमट्यानं काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पाणी कुणी शिंपडलं?" मी वहीत लिहिलं, "बायजाबाईंनी." (देव मला क्षमा करो. त्या तेव्हा स्वतःच्या घरी होत्या.)

सगळं पुसून, मागचं-पुढचं झाडून पुन्हा मांडलं. बायजाबाई सोनं द्यायला आल्या होत्या, त्यांना बसवून घेतलं. अण्णांनी धुतलेला सदरा घातला आणि खुर्ची स्पीकरच्या बरोबर मध्ये ओढली. पहिली कॅसेट नुसत्या तानपुऱ्याची. ते म्हणतात, तानपुऱ्यात काही लपत नाही. मी बटण दाबलं. बल्ब चमकला, मंद झाला. जाळीच्या आत लाल दिवा लागला. कॅसेटची चाकं फिरू लागली. अण्णांनी डोळे मिटले, एक हात देव्हाऱ्यावर ठेवला आणि मान हळूहळू हलवायला लागले.

खोलीत आवाज नव्हता. झाडताना मी स्पीकरच्या तारा काढल्या होत्या आणि लावायला विसरले होते. त्या मागे लोंबत होत्या.

"वा!" अण्णा म्हणाले. "घरघर अजिबात नाही. वा!"

बायजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "अगो पद्मजाबाय, पन ह्याचा..." मी ओठांवर बोट ठेवलं.  आपट्याची पानं त्यांच्या मुठीत तशीच राहिली. आम्ही दोघी तानपुऱ्याची एक पूर्ण बाजू संपेपर्यंत बसून राहिलो, आणि अण्णा अधूनमधून मान हलवत राहिले. मग मी बटण बंद केलं, त्यांच्या पाया पडले आणि स्वयंपाकघरात जाऊन श्रीखंड फेटत बसले. ते आधीच फेटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले तेव्हा मी तारा जोडल्या. दादा, तो इतका सुंदर वाजतो. मला सांगता येत नाही. बोट तारेवरून सुटतं तेव्हाचा श्वाससुद्धा ऐकू येतो. चार महिन्यांत आम्ही दोघांनी खरोखरच एक अप्रतिम वस्तू बांधली, आणि ती मी एकटीनं ऐकली. मी आवाज वाढवत गेले, वेड्यासारखी, रस्त्याच्या वळणापर्यंत जाईल इतका. दारात चपलांची सावली दिसली. अण्णा एक पाय उंबऱ्यात ठेवून चप्पल काढत होते. मान वर न करता म्हणाले, "आज बंद का ठेवलायस? लाव की."

मी मान हलवली आणि, त्यांचं म्हणणं खरं व्हावं म्हणून, बंद केला.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. काम संपल्यामुळे घर फार आवरलेलं दिसू लागेल. मुलांना अनेक आशीर्वाद, वहिनीला नमस्कार. रागावला असशील तर राग भिलाईतच ठेव, इथे खोलीत जागा नाही.

तुझी,
पद्मजा

ता. क. वहिनीला पेणचे पापड वेगळ्या पार्सलनं पाठवले आहेत. पोह्याचे आहेत, तळताना जपून.

ता. क. २. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं आणि दहा पानं टाळत राहिले. गणपतीत तू बायजाबाईंकडे फोन केलास तेव्हा मी शेजारीच उभी होते. अण्णा फोनवर नेहमी चार वाक्यं ओळीनं म्हणतात: हो हो, इकडे सगळं छान, वा, उत्तम झालं, ठेवतो आता, तुझं बिल वाढतंय. त्या दिवशीही तेच म्हणाले. तू त्यांना काय सांगत होतास ते मला नंतर वहिनीच्या पत्रातून कळलं. वहिनीचे वडील गेल्याचं सांगणाऱ्या मुलाला ते "वा, उत्तम झालं" म्हणाले. तेव्हापासून तुझा फोन नाही. तू बरोबर आहेस, मीही केला नसता. पण आता तुला माहीत आहे, त्यांनी एक अक्षरही ऐकलं नव्हतं. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते अन्न सोडतील. फोन करू नकोस, दादा. पत्र लिही. त्यांच्या नावानं लिही, ठळक मोठ्या अक्षरांत.

ता. क. ३. चि. रघुनाथ यास अनेक आशीर्वाद. मी अण्णा. हिच्या बोटांना पट्टी असल्याने पाकिटाचा डिंक नीट लागला नव्हता. पोस्टाच्या बाकावर बसून आयुष्यात प्रथमच दुसऱ्याचं पत्र वाचलं. तुझ्या सासऱ्यांचं आत्ता कळलं. फार सज्जन माणूस. तुझ्या लग्नात माझी पगडी त्यांनीच सावरली होती. त्या बातमीवर मी काय म्हणालो ते वाचून लाज वाटली. सूनबाईला वेगळं पत्र आज संध्याकाळी लिहितो. तू मला क्षमा कर.

दुसरं. त्या दिवशी तारा मागे लोंबत होत्या, ते मला दिसत होतं. कान गेले आहेत, डोळे नाहीत. म्हणून अक्षर मोठं काढू नकोस, कागद वाया जातो. पोरीनं चार महिने बोटं भाजून घेतली होती. तारा जोडलेल्या असत्या तरी मला फरक कळला नसता. मग तिला पुन्हा खाली वाकून त्या जोडायला कशाला लावायचं? म्हणून वा म्हटलं. हे तिला कळवू नकोस.

तिसरं, आणि हे मात्र जरूर कळव. दसऱ्यापासून तिनं वही उघडलेली नाही. तू तिला लिही की नुसता पॉवर अ‍ॅम्प्लिफायर अर्धवट असतो, त्याच्याआधी प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो, आणि तो बांधायला निदान वर्ष जातं. मी सांगितलं तर ती ओळखेल. मी इथून उठून दोनशे पानी वही घेऊनच घरी जातो.